शिबिराचे संमतिपत्र
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या गुणगौरव समारंभात परीक्षेतील गुणांचे कौतुक होते, ते उचितच आहे. परंतु गुणपत्रिकेत न उमटणारे गुण अंगी बाणविणाऱ्या स्काउट-गाईड चळवळीविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरविले. त्यात धनिकांची मुले होती, तशी कामकऱ्यांचीही होती. मुली मात्र नव्हत्या. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यास काही मुली आपण होऊनच हजर झाल्या आणि पुढील वर्षी गर्ल गाईड्सची स्थापना झाली! आपल्याकडे आरंभी हिंदी मुलांनाच प्रवेश नव्हता. म्हणून ॲनी बेझंट, पं. मदनमोहन मालवीय प्रभृतींनी स्वतंत्र पथके उभारली. 1950 मध्ये ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ ही एकच संस्था झाली, व 1951 मध्ये गर्ल गाईड्सही तीत सामील झाल्या.

घरी पाण्याचा तांब्याही न उचलणारा मुलगा शिबिरात चुलीवर भात शिजवितो (तो कधी करपतो, हे सांगावयास नको) आणि सर्वांची भांडी घासतो. त्या पंक्तीत कोणी कोणाची ज्ञाती विचारीत नाही. प्रत्येक स्काउट दुसऱ्या स्काउटचा बंधू, असा तेथील नियमच आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे कित्येकांस विसंगत वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्ञातीने शिक्षणास हात दिला, तो मुलांनी ज्ञातीबाहेर ताठ मानेने वावरावे म्हणूनच.

‘खरी कमाई’साठी मुले दारी येतात, तेव्हा काही गृहस्थ काम न देताच पैसे हातावर ठेवतात. कृपा करून तसे करू नये. सायकल पुसून घ्यावी, अंगण झाडून घ्यावे, मग मोबदला द्यावा.

मुलींची गोष्ट निराळी. गणवेश हौसेने शिवला जातो. पण मुक्कामाच्या शिबिराचे संमतिपत्र आले की ते फडताळात पडून राहते. पालकांची काळजी खोटी नाही. सोबत शिक्षिका किती, निवास कोठे, पाण्याची व शौचाची सोय काय, हे जरूर विचारावे. उत्तरे समाधानकारक मिळाल्यावरही नकार का? जखम बांधणे, नकाशावरून वाट काढणे या विद्या मुलीस का नकोत?

आमची सूचना अशी की, राज्य पुरस्कार वा राष्ट्रपती पुरस्कार मिळविणाऱ्या स्काउट-गाईडांची नावे पुढील वर्षापासून गुणगौरवाच्या यादीत घ्यावीत, आणि ज्यांस शिबिराचा खर्च झेपत नाही त्यांच्या मुलींस शिष्यवृत्तिनिधीतून साहाय्य द्यावे. हा ठराव आजच्या सभेपुढे मांडण्यास अध्यक्षांनी अनुज्ञा द्यावी.