नेत्रदाबमापन परिषद, मिरज : स्वागताध्यक्षांचे भाषण

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेले नेत्रतज्ज्ञ, यंत्रकार व संशोधक यांचे स्वागत समिती मिरज नगरीच्या वतीने आदरपूर्वक स्वागत करीत आहे. कृष्णाकाठच्या या नगरीला वैद्यांनी आणि गवयांनी मिळून मोठे केले. कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभारले आणि उपचारासाठी मिरज गाठण्याची वहिवाट पडली. नेत्रविषयक परिषद येथे भरत असताना पंडित विष्णू दिगंबर पलुसकर यांचे स्मरणही अगत्याचे आहे. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या पलुसकरांची दृष्टी बालपणी फटाक्याने अधू झाली, उपचारासाठी त्यांना मिरजेस आणले गेले, डोळे पूर्ववत झाले नाहीत, परंतु याच नगरीत त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू लाभले. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणाऱ्या या थोर गायकाने १९३१ साली देह ठेवला तोही मिरजेतच.

तथापि ज्यांचे नाव मिरजेबाहेर फारसे कोणी घेत नाही आणि ज्यांच्याविषयी समितीला विशेष ममत्व आहे, ते म्हणजे फरीदसाहेब सितारमेकर. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील हे कारागीर. लढायांचा काळ सरून शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी तंबोऱ्यांच्या दुरुस्तीस हात घातला आणि त्यातूनच येथील वाद्यनिर्मितीचा व्यवसाय उभा राहिला. त्या परंपरेतील कार्यशाळांत आजही वाळलेला भोपळा भिजवून आतून कोरला जातो, त्याला लाकडी गळा व दांडी जोडली जाते आणि अखेरीस तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसेने घासत घासत जवारी काढली जाते; जवारी म्हणजे तार व घोडी यांच्या निसटत्या स्पर्शातून उमटणारा भरदार, गुंजणारा नाद, ज्याची नेमकी जागा तारेखाली सुताचा धागा सरकवीत केवळ कानाने शोधावी लागते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. तो फरीदसाहेबांचा उशिरा झालेला गौरव होय, असे समिती मानते.

परिषदेच्या विषयाशी या वाद्यकारागिरीचा संबंध दूरचा वाटेल. परंतु भोपळा कोरणाऱ्याप्रमाणेच, नेत्रदाब मोजणारी यंत्रे पारखण्यासाठी कृत्रिम नेत्र घडविणाऱ्यालाही पोकळ वस्तूच्या पातळ भिंतीची जाडी व लवचीकता साधावी लागते. नेत्रदाब म्हणजे डोळ्याच्या आतील द्रवाचा दाब; तो सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो आणि काचबिंदूच्या तपासणीत त्याचे मोजमाप अत्यावश्यक ठरते. तो मोजणाऱ्या उपकरणाला टोनोमीटर म्हणतात. गोल्डमन यांचे टोनोमीटर पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करण्यास लागणारे बल मोजते. पारपटल जाड असेल तर आकडा वाजवीपेक्षा अधिक येतो, पातळ असेल तर कमी. आतील खरा दाब थेट जाणण्यासाठी डोळ्यात सुई घालावी लागते, आणि केवळ यंत्र पारखण्यासाठी रुग्णाच्या डोळ्यावर तसे करणे योग्य नव्हे. कृत्रिम नेत्रात मात्र सिलिकोनच्या पडद्यामागे पाण्याचा स्तंभ जोडून हवा तो दाब राखता येतो, कारण १३.६ सेंटीमीटर उंचीचे पाणी म्हणजे पाऱ्याचे १० मिलिमीटर. परंतु सिलिकोनवर अश्रूंचा थर खऱ्या डोळ्यासारखा पसरत नाही, त्याची लवचीकताही पारपटलातील तंतूंहून निराळी असते, आणि स्पर्शाने मोजणाऱ्या यंत्रासाठी घडविलेली प्रतिकृती हवेच्या झोताने मोजणाऱ्या यंत्राला लागू पडेलच असे नाही. या प्रश्नांचा निर्णय तज्ज्ञांनीच करावयाचा आहे; खेड्यातील दवाखान्यात पोहोचणारे प्रत्येक यंत्र आधी विश्वसनीय कृत्रिम नेत्रावर पारखलेले असावे, एवढी मात्र या नगरीची कळकळीची मागणी आहे.

व्यवस्थेतील उणिवांबद्दल समिती मनापासून क्षमाप्रार्थी आहे. निवासाच्या खोल्या अपुऱ्या पडल्याने काही प्रतिनिधींना सांगलीस उतरावे लागले, सभागृहातील ध्वनिक्षेपक काल रात्रीपर्यंत कुरकुरत होता, काहींची नावे ओळखपत्रांवर चुकीची छापली गेली, आणि सकाळच्या चहाला झालेला विलंब पाहुण्यांनी सोसला तो त्यांच्या सौजन्यामुळे. भोजन साधे आहे. तिखट न सोसणाऱ्यांसाठी वेगळा रस्सा डावीकडच्या मेजावर ठेवण्याची सूचना आचाऱ्यांना दिलेली आहे.

हे कार्य ज्यांच्या बळावर उभे राहिले, त्या दात्यांचे ऋण मोठे आहे. औषधविक्रेत्यांनी रोख देणगी दिली, बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी धान्य व तेल पुरविले, मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही, परिचारिका विद्यार्थिनींनी नोंदणीचे काम अंगावर घेतले आणि नावाचा उल्लेख न करण्याच्या अटीवर एका निवृत्त शिक्षिकेने आपले निवृत्तिवेतन पाठविले. सितारमेकर गल्लीतील कारागिरांनी उद्या सायंकाळी आपल्या कार्यशाळा पाहुण्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. प्रतिनिधींनी तेथे अवश्य जावे, आणि आता अध्यक्ष महोदयांनी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी स्वागत समितीची नम्र विनंती आहे.