श्रीगणेशा : राहून गेलेल्या कामांविषयी



 मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने एखाद्या कवीवर किंवा ग्रंथावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. आज मात्र मी एका साध्या विषयाला हात घालणार आहे. जे काम करावयाचे आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते, ते करण्याची इच्छाही असते, ते काम आपण वर्षानुवर्षे पुढे का ढकलतो? आणि त्याचा आरंभ करावा तरी कसा?

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. हैदराबादच्या मराठी घरांतून गेल्यावर एक वाक्य मला वारंवार ऐकू येते. “सर, आजोबांची एक ट्रंक आहे, तिच्यात मोडीतले कागद आहेत, एकदा बघायचे आहेत.” कोणी म्हणतो, “आई सत्याग्रहाच्या दिवसांच्या आठवणी सांगते, एकदा लिहून घ्यायच्या आहेत.” हे ‘एकदा’ फार घातक आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा जे अठरा वर्षांचे होते त्यांनी आज नव्वदी ओलांडली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे त्रिभाजन झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे राहिलो. त्या दिवशी आपल्या घराघरांत काय बोलणे झाले हे सांगणारी माणसेही आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कागदाला वाळवी लागते आणि माणसाला वय लागते. आपली चालढकल दोघांनाही ठाऊक नसते.

या बाबतीत आपली भाषा काय सांगते ते पाहू. दिरंगाई, टाळाटाळ, चालढकल, टंगळमंगळ, वेळकाढूपणा असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. आरंभ करणाऱ्यालाही तिने सोडलेले नाही. ‘आरंभशूर’ हा शब्द आपण टोमणा म्हणूनच वापरतो. सुरुवात करून सोडून देणाऱ्याला तो योग्यच आहे. पण या शब्दाच्या धाकाने सुरुवातच न करणारेही पुष्कळ असतात. आपल्या शहराच्या बोलीत तर ‘परसों’ या शब्दाची गंमतच आहे. तो दोन दिवसांपूर्वीचाही असतो आणि दहा वर्षांपूर्वीचाही. कालाचा असा ऐसपैस हिशेब ठेवणाऱ्या नगरीत राहून वक्तशीरपणावर बोलणे हे धाडसच आहे.

तरीही याच शहरातील तीन भाषांनी आरंभाचे मर्म अचूक ओळखलेले आहे. मराठीत आपण कामाचा ‘श्रीगणेशा’ करतो किंवा ‘ओनामा’ करतो. हा ओनामा ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनातून आला. तेलुगूत मुळाक्षरांना ‘ओनमालु’ म्हणतात. मुसलमान घरांत मुलाच्या विद्यारंभाला बिस्मिल्लाचा समारंभ होतो, आणि ‘बिस्मिल्ला करणे’ म्हणजे प्रारंभ करणे. तिन्ही ठिकाणी डोळ्यांपुढे येते ते पाटीवर पहिले अक्षर काढणारे मूल. त्या मुलाकडून कोणी ग्रंथाची अपेक्षा करत नाही. एक अक्षर, तेही वाकडेतिकडे, आणि वर कौतुक. मोठेपणी आपण हे विसरतो आणि पहिल्याच दिवशी स्वतःकडून ग्रंथ मागतो.

माणूस काम पुढे का ढकलतो? सर्वांत सोपे उत्तर ‘आळस’ हे आहे. पण ते पुरेसे नाही. प्रबंध अडलेले अनेक विद्यार्थी मी पाहिले. त्यांतील बहुतेक उद्योगी होते. प्रबंधाचे प्रकरण लिहावयास बसले की त्यांना कपाट आवरण्याची, नवी पुस्तके आणण्याची, संदर्भांची यादी पुन्हा लिहून काढण्याची इच्छा होई. दिवसभर राबून ते मूळ कामापासून दूर राहत. मानसशास्त्रज्ञांनीही हेच निरीक्षण निराळ्या वाटेने मांडले आहे. फ्यूशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ साली असे प्रतिपादन केले की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनातील दोष नसून मनाला तात्पुरता दिलासा देण्याचा प्रकार आहे. काम समोर आले की भीती, कंटाळा, ‘मला जमेल काय’ ही शंका दाटून येते. काम दूर सारले की ती क्षणभर शमते. ऋण काढून सण करावा तसे हे आहे.

याच संदर्भात कॅनडातील कार्लटन विद्यापीठातील २०१० सालचा एक अभ्यास उद्बोधक आहे. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास लांबणीवर टाकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला त्याबद्दल क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. आत्मनिंदेने आपण सुधारतो हा आपला समज असतो. प्रत्यक्षात निंदेमुळे ते काम अधिकच नकोसे होते. तेव्हा पहिली गोष्ट ही की, गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडत बसू नये.

येथे दोन भेद स्पष्ट केले पाहिजेत. घरातील आजारी माणसाची सेवा, स्वयंपाक, नोकरी यांत जिचा दिवस संपतो तिला ‘तू चालढकल करतेस’ असे म्हणणे हा अन्याय आहे. तिला उपदेश नको, हातभार हवा. दुसरे असे की, विचारपूर्वक थांबणे आणि टाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेतकरीही पावसाची वाट पाहतो; पण तोवर नांगरट करून ठेवतो. ज्या थांबण्याला पुढची तारीख आहे आणि ज्या काळात काही तयारी होत आहे, ते थांबणे योग्य. ज्याला तारीखच नाही ती टाळाटाळ.

आता आरंभाची काही उदाहरणे पाहू. उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची भव्य वास्तू आपण सर्वांनी पाहिली आहे. ती १९३९ साली पूर्ण झाली. विद्यापीठाचे वर्ग मात्र १९१९ सालीच, गनफाउंड्री भागातील इमारतींत सुरू झाले होते. उर्दू माध्यमातून शिकवावयाचे तर पाठ्यपुस्तके हवीत. त्यासाठी भाषांतराचे खाते १९१७ साली निघाले आणि ते काम पुढे अनेक वर्षे चालू राहिले. वास्तूची आणि सर्व ग्रंथांची वाट पाहिली असती, तर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे उदाहरण आपल्या ट्रंकांना अधिक जवळचे आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला. त्यात पानिपतच्या काळातील पत्रे आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते १९१० साली, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी. आधी संस्था, मग निधी, मग कार्यालय आणि मग कागद, असा क्रम राजवाड्यांनी लावला असता तर मधल्या काळात पुष्कळ दप्तरे नष्ट झाली असती. त्यांनी आधी कागद उचलले. मालेचे पुढे बावीस खंड झाले.

आपल्यातीलच सेतुमाधवराव पगडी यांचेही स्मरण करू. १९१० ते १९९४ हा त्यांचा जीवनकाल. हैदराबाद संस्थानच्या सरकारी सेवेत असताना आदिलाबादच्या भागात त्यांनी गोंडांची भाषा आत्मसात केली आणि त्या लोकांविषयी लेखन केले. निवृत्तीनंतर सवड मिळेल तेव्हा पाहू, असे ते म्हणाले असते तर त्यांना क्षमा करता आली असती. पण निवृत्तीनंतर ती माणसे आणि ते रान त्यांच्या आसपास नसते. काही कामे करावयाची जागा आणि वेळ एकदाच येते.

ही मोठी माणसे. आपल्यासारख्यांनी काय करावे? अनुभवाला उतरलेले काही उपाय सांगतो.

पहिला उपाय म्हणजे कामाचे नाव बदलणे. ‘घराण्याचा इतिहास लिहावयाचा आहे’ हे काम नव्हे, ही इच्छा आहे. ‘ट्रंकेतील वरच्या दहा कागदांना पेन्सिलीने क्रमांक देणे’ हे काम आहे. ज्याची सुरुवात आणि शेवट डोळ्यांना दिसतो ते काम मनाला भिववीत नाही.

दुसरा उपाय म्हणजे कामाला जागा आणि वेळ नेमून देणे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली एक साधी युक्ती सविस्तर मांडली : ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवावे. ‘सवड मिळाली की लिहीन’ असे न म्हणता ‘दुपारच्या चहाचा कप खाली ठेवला की खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन’ असे म्हणावे. सवड कधी मिळाली हे कळत नाही. कप खाली ठेवलेला कळतो.

तिसरा उपाय म्हणजे वेळ थोडा ठेवणे, पण तो मोडू न देणे. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करी आणि सकाळी घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत असे. आपण पाव तास तरी ठरवावा. पाव तासानंतर उठण्याची मुभा स्वतःला द्यावी. बहुधा आपण उठत नाही, कारण बसणे हेच अवघड होते. आणि उठलो तरी बिघडत नाही. थेंबे थेंबे तळे साचतेच.

चौथा उपाय म्हणजे साहित्य हाताशी ठेवणे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेसाठी दिला आहे आणि त्यात अक्षराच्या वळणापासून शाई, बोरू, कागदापर्यंत विचार केला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात बोरूची विचारपूस कशाला, असे वाटेल. पण हत्यार शोधण्यात उत्साह संपतो हे त्या व्यवहारज्ञ संताला ठाऊक होते. रात्री निजण्यापूर्वी वही, पेन, चष्मा आणि तो कागद टेबलावर काढून ठेवावा. एवढेच, कारण तयारीलाच काम समजले तर नमनाला घडाभर तेल जाते.

पाचवा उपाय म्हणजे पहिला खर्डा वाईट लिहिण्याची परवानगी घेणे. तो कोणी वाचावयाचा नसतो. खाडाखोड करावयास आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते. शिवाय दिवसाचे काम थांबविताना एखादे वाक्य अर्धे सोडावे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावे लागत नाही; कालचे वाक्य पूर्ण करावयाचे असते.

सहावा उपाय म्हणजे कोणाला तरी बांधून घेणे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मंडळी काढली आणि तिचे भाग लोकांना विकले. ज्यांनी पैसे गुंतविले त्यांना उत्तर देणे आले. कोशाचे तेवीस खंड निघाले, त्यामागे केतकरांच्या विद्वत्तेइतकाच या बांधिलकीचाही वाटा असला पाहिजे असे मला वाटते. आपण भाग विकू नयेत, पण एखाद्या नातवाला सांगावे, “दर रविवारी संध्याकाळी मी तुला एक पान वाचून दाखवीन.” नातवंडे वसुलीत कोणत्याही सावकारापेक्षा कडक असतात.

हे उपाय पत्रव्यवहार, प्रबंध, दवाखान्यातील तपासणी, मृत्युपत्र, रुसलेल्या भावाला करावयाचा दूरध्वनी, अशा सर्वच रेंगाळलेल्या कामांना लागू पडतात. परंतु या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विशेष विनंती त्या ट्रंकांविषयी आहे. मोडी वाचता येत नाही म्हणून थांबू नका. कागद उन्हात न ठेवता हलक्या हाताने झटका, क्रमांक द्या, त्यांची छायाचित्रे घ्या आणि कोणत्या घरातून, कोणाकडून आले ते एका वहीत लिहा. वाचणारा उद्या मिळेल. कागद मात्र आज वाचला पाहिजे. घरातील वडीलधाऱ्यांना ‘तुमचे चरित्र सांगा’ असे म्हणू नका. ती माणसे संकोचून गप्प होतील. ‘तुमच्या शाळेचा रस्ता कुठून जात असे?’ एवढेच विचारा. रस्ता सांगता सांगता त्या मोहल्ल्यातील माणसे आपोआप येतील. आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत ध्वनिमुद्रणाची सोय आहे. राजवाड्यांना पायपीट करावी लागली. आपल्याला फक्त शेजारच्या खोलीपर्यंत जावयाचे आहे.

या सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे एकच ओळ लिहावी : कोणते काम, कोणत्या जागी, उद्या किती वाजता. तीन गोष्टींपैकी एक जरी लिहिता आली नाही, तर काम अजून मोठे आहे असे समजावे आणि ते आणखी लहान करावे. मुहूर्त पाहण्याचे कारण नाही. शुभस्य शीघ्रम् म्हणून आपल्या पूर्वजांनी ती सोय करूनच ठेवली आहे.