सातबारावरील नाव



मृगाचे वेध लागले की जामनेर तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी पहिला हिशेब मांडला जातो तो रोख रकमेचा. बियाणे, खत, मजुरी सारेच एकदम समोर उभे राहते आणि कापूस विकून पैसा हाती यायला दिवाळी उजाडते. कांग-वाघूरच्या काठापासून दूर असलेल्या कोरडवाहू रानात तर सारी भिस्त आभाळावर. अशा वेळी खात्यात जमा होणारे दोन हजार रुपये क्षुल्लक नसतात.

‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’द्वारे तेवढीच भर घातली. दिल्लीहून निघालेल्या रुपयातील पंधरा पैसेच लोकांपर्यंत पोहोचतात, अशी कबुली १९८५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी दिली होती. त्या पार्श्वभूमीवर मधले हात वगळले जाणे, हे निःसंशय मोठे परिवर्तन होय.

परंतु वाटेत न गळलेला रुपया योग्य घरी पोहोचतोच असे नाही. संगणकाला शेतकऱ्याचा घाम दिसत नाही. त्याला दिसते ते सातबारावरील नाव, आधार क्रमांक आणि त्याला जोडलेले खाते.

एखाद्या घरातील कर्ता पुरुष जातो. पत्नी पदर खोचून शेतात उभी राहते. पण सातबारावर नाव मृताचेच राहते आणि हप्ता थांबतो. वास्तविक नियम तिच्या बाजूचा आहे. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना योजनेचा लाभ नसला, तरी मृत्यूनंतर वारसाहक्काने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची असते. प्रत्यक्षात भाऊबंदकी, बहिणींच्या हक्काविषयीची टाळाटाळ आणि साधे अज्ञान यांत वर्षे निघून जातात. म्हणूनच २०२५ मध्ये शासनाला राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घ्यावी लागली.

दुसरा वंचित आहे बटाईदार. तो पेरतो, निंदतो, नुकसान सोसतो; निधी मात्र मालकाच्या खात्यात जातो, कारण ही योजनाच भूधारकासाठी आहे. कुळकायद्याच्या धास्तीने मालक कागद करीत नाही. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून १९४८ साली झालेल्या कायद्याच्या भीतीनेच आजचा कसणारा कागदावरून अदृश्य व्हावा, हा दैवदुर्विलास आहे. मालकाचा हक्क अबाधित ठेवून बटाईदाराची नोंद कशी करता येईल, याचा विचार शासनाने केला पाहिजे.

पण वारस नोंदीसाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, अर्ज आणि पाठपुरावा एवढेच काम आहे. शिकलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ते जमण्यासारखे आहे. दुःखाच्या प्रसंगी आपला समाज धावून जातो, ही आपली थोर परंपरा. तेराव्याला जमणारे गाव चौदाव्या दिवशी तलाठी कार्यालयातही त्या माउलीच्या पाठीशी उभे राहिले, तरच ते सांत्वन पूर्ण होईल.