रुपया आणि हजेरी
(अर्धापूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)



मुंबईत 1995 साली ‘प्रथम’ने महापालिका आणि युनिसेफच्या साथीने वस्त्यांत बालवाड्या सुरू केल्या. शिकवणाऱ्या बाया वस्तीतल्याच, मानधन तुटपुंजे. त्या प्रयोगाचे कौतुक झाले, व्हायलाच हवे. पण प्रयोग आपल्यावरही झाला आहे. 1994 साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, त्यात नांदेड, लातूर, परभणी आणि तेव्हाचे उस्मानाबाद, औरंगाबाद होते. आपण का? तर इथल्या बायकांची साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी म्हणून! 85 टक्के पैसा केंद्राचा, त्यामागे जागतिक बँकेचे कर्ज; 15 टक्के राज्याचा.

त्याआधी, 1992 पासून, दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना राज्याने हजेरीचा रोज एक रुपया देऊ केला. अट 75 टक्के हजेरीची. आता मला सांगा, आई कापूस वेचायला गेली की धाकट्याला कोण सांभाळते? सात-आठ वर्षांची पोरगीच ना? म्हणजे जिला रुपयाची खरी गरज, तिचाच रुपया बुडतो. आणि तीस वर्षे उलटली तरी तो एक रुपयाच राहिला होता. आमदारांचे भत्ते मात्र वाढत गेले, ते असो.

भत्ता वाढवा हे आपण म्हणूच. पण आधी पाळणाघर मागा, तेही शाळेच्या आवारात. येत्या ग्रामसभेत हजेरीपट बघायला मागा. कोणत्या महिन्यांत मुली गळतात ते सगळ्यांसमोर वाचा. त्या महिन्यांसाठी पाळणाघराचा ठराव करून घ्या, आणि पैसा किती वर्षे मिळणार, तेही त्यात लिहायला लावा. तोंडी नको.