कोठाराची किल्ली

सोलापूर, सांगली, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर-बिदर भागातून आलेले शेतकरी बंधू-भगिनी. अंगणवाडी सेविका, शाळांच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या ताई, रेशन दुकानदार, आडते, खानावळवाले. आणि ज्यांच्या हातांशिवाय एकही कणीस खळ्यावर येत नाही ते आमचे शेतमजूर, आपणा सर्वांचं मंगळवेढ्यात मी मनापासून स्वागत करते.

ही यादी वाचताना कुणाला वाटेल की तीन-चार संमेलनांची आमंत्रणं एकत्र झाली. स्वागत समितीच्या पहिल्या बैठकीत हाच प्रश्न निघाला होता. हे संमेलन शेतीचं, रेशनचं की मुलांच्या पोषणाचं? आम्ही ठरवलं की हे तिन्ही विषय एकाच मांडवात घ्यायचे. पेरणारा, विकणारा, रांधणारा आणि जेवणारा यांना एका सतरंजीवर बसवून बोलायला लावायचं, यासाठीच हे संमेलन आहे.

आपण ज्या गावात बसलो आहोत, त्याला अन्नाबद्दल बोलण्याचा हक्क आहे असं मी मानते. महात्मा बसवेश्वरांच्या आयुष्यातला महत्त्वाचा काळ इथे गेला. प्रत्येकाने श्रम करावेत आणि श्रमाचं फळ समाजात वाटून खावं, हा दासोहाचा विचार बाराव्या शतकात मांडणारे ते महापुरुष. संत चोखोबा इथलेच. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि त्याखाली त्यांचा अंत झाला, असं परंपरा सांगते. ज्याला गावाने आत येऊ दिलं नाही, तो गावाची भिंत बांधताना गेला. कान्होपात्रा इथल्याच. आणि दामाजीपंत, ज्यांचं नाव घेतल्याशिवाय या तालुक्यात कुठलंही कार्य सुरू होत नाही.

दामाजीपंतांची कथा इथल्या लेकराला पाळण्यात ऐकायला मिळते. पंधराव्या शतकातला भयंकर दुष्काळ. मंगळवेढ्याची कोठारं धान्याने भरलेली, आणि माणसं रस्त्यावर पडत असलेली. पंतांनी बिदरच्या बादशहाला न विचारता कोठारं उघडली, धान्य लुटवलं. बादशहाने त्यांना पकडून आणायचा हुकूम दिला. पुढे विठू महाराच्या रूपाने पांडुरंग दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला, असं आम्ही श्रद्धेने सांगतो.

पंतांचं औदार्य आणि देवाची धाव यांबद्दल कीर्तनांतून पुष्कळ ऐकलं आहे. मला या कथेतली तिसरी गोष्ट आज आपल्यापुढे ठेवायची आहे. धान्य इथल्या रानात पिकलं होतं. साठवलं होतं इथल्याच कोठारात. उपाशी माणसंही इथलीच होती. कोठाराची किल्ली मात्र बिदरला होती. एका भल्या अधिकाऱ्याने जीव धोक्यात घातला म्हणून ती फिरली. तसा अधिकारी नसता तर? गावाचं पोट एका माणसाच्या भलेपणावर सोडून चालेल का?

हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीचाच आहे असं समजू नका. २००१ साली राजस्थानातल्या उपासमारीबद्दल पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा सरकारी गोदामं भरून वाहत होती. त्याच खटल्यात त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आदेश झाला आणि शाळेत कोरड्या धान्याऐवजी शिजवलेलं जेवण देणं सरकारांवर बंधनकारक झालं. पुढे २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला. यामुळे अन्न हा हक्क झाला आणि त्याचं मोल मी जराही कमी लेखत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढलेल्या बायका या मांडवात आहेत. त्यांना विचारा, हक्काचं धान्य म्हणजे काय.

पण किल्लीचा प्रश्न उरतोच. आमच्या ज्वारीचं उदाहरण घ्या.

मंगळवेढ्याची जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. परतीच्या पावसाचं पाणी ती पोटात धरून ठेवते. उत्तरा-हस्त नक्षत्रांत पेरलेली ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर, एकही पाणी न देता पिकते. जवळच्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं ३५-१ हे वाण आजही रब्बी ज्वारीत पहिलं नाव. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पांढरी, टपोरी, गोड ज्वारी. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. आणि तिचीच कडक भाकरी करून सोलापूर जिल्ह्यातल्या शेकडो बायकांनी संसार उभे केले.

एवढं सगळं असून ज्वारीचं रान का घटतं? कारण ज्वारी काढणं म्हणजे वाळून टणक झालेल्या रानात एकेक ताट मुळासकट उपटायचं. तळहाताला फोड येतात. मजूर मिळत नाहीत आणि मजुरी वाढली. ती वाढायलाच हवी होती. काढणीआधी पाखरं राखायची, काढणीनंतर कणसं मोडायची, पेंढ्या बांधायच्या. इतकं करून बाजारात नेलं तर भाव दुसराच कुणी सांगतो. कित्येकदा शेतकऱ्याला धान्यापेक्षा कडब्याच्या पैशाने हात दिला आहे. शेजारी उसाला पाणी आहे, कारखाना आहे, ऊस गेला की पैसे येतील असा भरवसा आहे. मग ज्याला पाणी मिळालं तो उसाकडे वळला, यात त्याला बोल लावायचं कारण नाही. आणि तालुक्याच्या ज्या दक्षिण भागातल्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, त्यांना ज्वारीचं कौतुक ऐकवून पाण्याचा प्रश्न मागे ढकलू नये, हेही मी इथेच सांगते.

दुसरीकडे पाहा. आमची ज्वारी पुण्या-मुंबईत मानाने विकली जाते, आणि आमच्याच शाळेतल्या पोषण आहाराचा पाया तांदूळ आहे. रेशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद पहिल्या दिवसापासून आहे. कायदा आड येत नाही. मग अडतं कुठे? शेतकऱ्याला शाळेची मागणी माहीत नाही. मुख्याध्यापकांना खरेदीचा अधिकार नाही. स्वयंपाकी ताईला पन्नास मुलांच्या भाकऱ्या थापायला वेळ आणि चूल नाही, आणि तिला कुणी विचारलेलंही नाही. आडत्याकडे साठवण आहे, ती फक्त व्यापारासाठी. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर आहे आणि तरी ज्वारी मुलाच्या ताटात पोचत नाही. ही माणसं महिन्यातून एकदा जरी समोरासमोर बसली असती, तर यातल्या निम्म्या गाठी सुटल्या असत्या असं मला वाटतं.

अशा बसण्यालाच जगात अन्न परिषद म्हणतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरात १९८२ साली अशी पहिली परिषद झाली. कॅनडात टोरांटोची १९९१ साली, तिथल्या आरोग्य मंडळाच्या छत्राखाली. या परिषदांना कायदे करायचा अधिकार नव्हता. त्यांचं बळ एवढंच की शेतकरी, दुकानदार, आरोग्य खातं आणि गरीब वस्तीतली माणसं एका टेबलाशी बसत, आणि तिथे ठरलेली गोष्ट नगरपालिकेला सहजासहजी डावलता येत नसे.

ब्राझीलची कथा अधिक शिकवणारी. बेलो ओरिझोंते या शहरात १९९३ साली महापौर पात्रुस अनानियास यांनी अन्नाचं वेगळं खातं काढलं आणि त्याला सल्ला द्यायला नागरिकांची परिषद नेमली. स्वस्त, चांगली, सर्वांसाठी खुली खानावळ; शहरात थेट विक्रीसाठी आसपासच्या शेतकऱ्यांना जागा; शाळांत ताजं जेवण. खर्च शहराच्या अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पुढे देशपातळीवरच्या परिषदेत दोन तृतीयांश जागा नागरिकांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. २००९ साली तिथे कायदा झाला की शालेय आहारासाठी केंद्राने दिलेल्या पैशातला किमान ३० टक्के हिस्सा छोट्या कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च व्हावा. विचार करा, शाळेच्या ताटाने शेतकऱ्याला हमखास गिऱ्हाईक मिळवून दिलं. मात्र हीच राष्ट्रीय परिषद २०१९ साली नव्या सरकारने आल्या आल्या मोडली आणि २०२३ साली पुढच्या सरकारने पुन्हा उभी केली. वरून दिलेली किल्ली वरून काढूनही घेता येते. म्हणून परिषद गावातून उगवलेली हवी.

तशी एक गोष्ट आपल्या अगदी शेजारी घडली आहे, आणि दूरच्या शहरांपेक्षा मला तीच जवळची वाटते. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने गावोगावी बायकांचे संघम उभे केले. बहुतेक बाया दलित, अल्पभूधारक, स्वतः मजुरीला जाणाऱ्या. रेशनचा तांदूळ स्वस्त मिळू लागला तशी त्यांची ज्वारीची रानं पडीक पडली होती. नव्वदीच्या दशकात त्यांनी स्वतःची रेशन व्यवस्था उभी केली. पडीक रान नांगरायला आणि खत घालायला शेतकऱ्याला कर्ज द्यायचं. त्याने ते पुढच्या काही वर्षांत ज्वारीच्या रूपात फेडायचं. ती ज्वारी गावातच साठवायची, कडुलिंबाचा पाला आणि राख घालून. आणि पावसाळ्याच्या तंगीत ती गरजूंना बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्तात द्यायची.

गरजू कोण, हे ठरवायची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. सारं गाव चौकात जमायचं. जमिनीवर रांगोळीच्या रंगांनी गावाचा नकाशा काढायचा, एकेक घर दाखवायचं, आणि कुणाची हालत किती कठीण हे सगळ्यांसमोर ठरवायचं. सर्वांत गरीब घराला सर्वांत जास्त धान्य. कार्यालयातल्या यादीत नाव घालायला वशिला लागतो. भर चौकात, शेजाऱ्यांसमोर, खोटं सांगणं अवघड असतं. या व्यवस्थेने रान कसलं गेलं, बायांना मजुरी मिळाली, गुरांना कडबा मिळाला, बियाणं टिकलं आणि पोटंही भरली. एकाच ज्वारीने ही सारी कामं केली, कारण ती करणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्यांना इक्वेटर पुरस्कार दिला.

आपल्याकडे काय आहे? मी म्हणेन, जवळजवळ सगळं आहे. रेशन दुकानावर कायद्यानेच दक्षता समिती आहे. शाळेला व्यवस्थापन समिती आहे. गावात आरोग्य, स्वच्छता आणि पोषणाची समिती आहे. बचत गट आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, बाजार समिती आहे. एवढ्या समित्या असून त्यांची आपसांत गाठ पडत नाही. मंगळवेढा तालुक्यात या सर्वांचे प्रतिनिधी घेऊन एक अन्न परिषद बसवावी, असा प्रस्ताव स्वागत समिती या संमेलनापुढे ठेवत आहे. त्यात निम्म्या जागा बायकांच्या असाव्यात आणि शेतमजुरांची जागा पक्की असावी, हा आमचा आग्रह आहे. चोखोबांच्या गावात तरी राबणारा माणूस बैठकीच्या बाहेर उभा राहू नये.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवते. अशा परिषदेत सगळे एका सुरात बोलतील असं कुणी धरून चालू नये. शेतकऱ्याला ज्वारीला चढा भाव हवा आणि शाळेला, खानावळीला ती स्वस्त हवी. मजुराला दाम हवा आणि शेतकऱ्याचा हात आखडता. आडत्याला वाटणार की त्याचं काम काढून घेतलं जातंय. ही भांडणं खरी आहेत. ती आज घराघरांत, पाठीमागे चालतात आणि त्यात जो दुबळा तो हरतो. ती सर्वांसमोर, हिशेब मांडून व्हावीत, यासाठीच बैठक हवी. कडब्याचं उत्पन्न धरून ज्वारीचा खरा खर्च किती पडतो, साठवण गावात केली तर किती वाचतं, भाकरी बचत गटाने थापली तर शाळेला काय पडते, हे आकडे आज कुणाकडेच एकत्र नाहीत. परिषदेचं पहिलं काम हेच असावं. भाषणं नंतरही करता येतील.

आता व्यवस्थेबद्दल थोडं. दोन्ही दिवसांचं जेवण याच तालुक्यातल्या धान्या-भाज्यांचं आहे: ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी. भाकऱ्या बचत गटाच्या ताई थापणार आहेत आणि त्यांना ठरलेला मेहनताना मिळणार आहे. दुपारच्या सत्रात त्या श्रोत्यांत बसतील. त्या वेळी चूल बंद राहील, तेव्हा चहाला थोडा उशीर होईल. शेतमजुरांना दोन दिवसांची बुडालेली मजुरी समिती देते आहे. उद्या सकाळी ज्यांना शिवार पाहायचं आहे त्यांनी आज रात्री नावं नोंदवावीत, गाड्या सहा वाजता निघतील. पुढे अन्न परिषदेच्या प्रस्तावावर चर्चा आणि मतदान आहे; प्रस्तावाची प्रत प्रत्येकाच्या पिशवीत ठेवली आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आज संध्याकाळी ती वाचून दाखवली जाईल. दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर त्याच वेळी सांगाव्यात.