राँसकांठचें दिनाँ

युरोपचा नकाशा पुढें मांडला, तर फ्रान्सच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत शिरलेलें भूमीचें एक लांबट टोक नजरेस येतें. तोच ब्रिटनी प्रांत. १५३२ सालीं फ्रान्सच्या राज्याशीं त्याचें कायमचें एकीकरण झालें. तोंपर्यंत तेथें स्वतःचे ड्यूक राज्य करीत होते. या प्रांताच्या उत्तर किनाऱ्यापासून थोडेंसें आंत, राँस नदीच्या कांठीं, दिनाँ नांवाचें एक जुनें नगर आहे. कांठीं म्हटलें खरें, पण हा शब्द थोडा सैल पडतो. नगर वसलें आहे नदीच्या पात्रापासून सुमारें ७५ मीटर उंचीच्या कड्यावर, तटाच्या आंत. आणि त्याचें बंदर आहे कड्याच्या पायथ्याशीं, पाण्याला लागून. वरच्या व खालच्या दिनाँला जोडणारी फरसबंदीची एक उभी चढण आहे. नगरानें शेंकडों वर्षें पोट भरलें तें या चढणीवर, आणि तिची रहदारी तुटली तेव्हां नगराचें दैवही पालटलें.

आजचा प्रवासी बहुधा या वाटेनें येत नाहीं. पॅरिसहून आगगाडीनें रेनला किंवा दोलला यावें, तेथें गाडी बदलावी आणि दिनाँच्या स्टेशनावर उतरावें, असा त्याचा मार्ग असतो. मोटारीनें येणारा तर उंच पुलावरून थेट वरच्या गांवांत शिरतो. चौकांतून दोन घटका हिंडतो, लांकडी घरांचीं छायाचित्रें घेतो, कॉफी पितो, आणि दिवस मावळण्यापूर्वीं समुद्रकांठच्या सँ-मालोकडे निघून जातो. त्याला दिनाँ सुंदर वाटतें, यांत नवल नाहीं. परंतु तें येथें कां आहे, हें त्याला उमगत नाहीं. तें उमगावयास प्रथम खालीं उतरावें, आणि मग जुन्या काळचा व्यापारी येत असे त्याप्रमाणें बंदरावरून वर चढावें.

बंदरावर आज शांतता असते. पात्र अरुंद, पाणी स्थिर, कडेला बांधलेल्या होड्या, समोरच्या तीरावर गर्द झाडी. एका जुन्या दगडी पुलावरून नदी ओलांडतां येते. समुद्र येथून वीसएक किलोमीटर दूर. तरी पूर्वीं त्याची भरती येथवर चढत असे. सँ-मालोच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींमधील अंतर १३ मीटरांच्या घरांत जातें. एवढें पाणी दिवसांतून दोनदां आंत लोटावयाचें आणि दोनदां मागें हटावयाचें. भरतीबरोबर गलबतांनीं वर यावें आणि ओहोटीबरोबर परतावें, असा दिनाँचा व्यवहार होता. या भागांत अळशीच्या वाखाचें कापड आणि शिडांचें जाडेंभरडें कापड विणलें जाई. कातडीं कमावण्याचा धंदाही चाले. हा माल येथून सँ-मालोस जाई, आणि सँ-मालोहून जगभर. सँ-मालो हें दर्यावर्दी लोकांचें गांव. १७४६ सालीं इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा फ्रेंच आरमाराचा सेनापति लाबूर्दोने १६९९ सालीं तेथेंच जन्मला. तेव्हां हिंदुस्थानच्या इतिहासाशीं या नदीचा अगदींच संबंध नाहीं, असें म्हणतां येत नाहीं.

१८३२ सालीं ईल-राँस कालवा खुला झाला. रेन शहरापासून राँसच्या खाडीपर्यंत सुमारें ८५ किलोमीटर लांबीची ही पाणवाट. नावा चढविण्या-उतरविण्यासाठीं तिच्यावर ४८ ठिकाणीं दरवाजे बांधले आहेत. ती काढण्यामागें इंग्रजी आरमाराचें भय होतें. समुद्रावरून ब्रिटनीला वळसा घालणें धोक्याचें, तर देशाच्या आंतून मार्ग काढावा, असा नेपोलियनच्या काळचा विचार. काम पुरें झालें तेव्हां नेपोलियन मरून अकरा वर्षें लोटलीं होतीं आणि इंग्रजांशीं युद्धही उरलें नव्हतें. सरकारी कामांची चाल सर्व देशांत सारखीच असावी.

धक्क्यावरून जी वाट वर जाते तिच्या खालच्या भागास प्ती-फोर म्हणतात. तटाचा दरवाजा ओलांडल्यावर तिचेंच नांव जेर्झ्युआल होतें. चढण अशी उभी कीं, पावसानें दगड ओले झाले म्हणजे धडधाकट माणूसही भिंतीचा आधार शोधूं लागतो. दोन्ही बाजूंस पंधराव्या-सोळाव्या शतकांतील घरें आहेत. लांकडाचा सांगाडा उभा करावयाचा, मधल्या जागा माती आणि दगडविटांनीं भरावयाच्या, आणि वरचा मजला खालच्यापेक्षां थोडा पुढें काढावयाचा, अशी त्यांची बांधणी. त्यामुळें जमीन थोडी अडे आणि तळमजल्यावरील दुकानास आयती सावली मिळे. कित्येक घरांच्या खालच्या खिडकीला रुंद दगडी कठडा आहे. तीच विक्रीची जागा. खालीं दुकान, वर बिऱ्हाड. विणकर, चर्मकार, सावकार या गल्लींत राहत, आणि बंदरावरचा सारा माल त्यांच्या दारावरून वर जाई. प्रवाशाला माथ्यावर पोंचेपर्यंत दम लागतो. तो लागलेला बरा. कारण या दमाचा दाम पूर्वीं प्रत्येक गांठोड्याच्या किमतींत धरलेला असे.

वरच्या गांवांत शिरल्यावर पहिल्यानें पाहावें तें सँ-सोव्हर चर्च. त्याची दक्षिणेकडील भिंत बाराव्या शतकांतील, जाड आणि अर्धवर्तुळाकार कमानींची. उत्तरेकडील बाजू त्यानंतर तीनशें वर्षांनीं बांधलेली, उभट कमानींची. दोन्ही बाजू एकमेकींशीं जुळत नाहींत, आणि जुळविण्याची फारशी खटपटही कोणीं केलेली नाहीं. आंत, उत्तरेकडील दालनांत, एका शिलेमागें बेर्त्राँ द्यु गेक्लाँ या सेनापतीचें हृदय ठेवलेलें आहे.

हा पुरुष दिनाँजवळच्या ब्रों गांवच्या परिसरांत सुमारें १३२० सालीं जन्मला. इंग्रज व फ्रेंच यांच्यामध्यें चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धांत त्यानें फ्रान्सच्या राजाची बाजू राखली, आणि १३७० सालीं तो फ्रान्सचा सरसेनापति झाला. इंग्रजांनीं दिनाँला वेढा दिला असतां, तहाच्या मुदतींत त्याच्या धाकट्या भावास एका इंग्रज सरदारानें पकडलें, आणि द्यु गेक्लाँनें त्या सरदारास गांवच्या मैदानांत द्वंद्वयुद्धांत लोळविलें, अशी कथा त्याच्यावरील वीरकाव्यांत आली आहे. त्याची पत्नी तिफेन राग्नेल याच गांवची. ज्योतिषांत ती निष्णात होती असें सांगतात. १३ जुलै १३८० रोजीं दक्षिण फ्रान्समधील एका वेढ्यांत त्याला मरण आलें. आपला देह दिनाँस विसावावा ही त्याची इच्छा होती. परंतु दिवस उन्हाळ्याचे आणि वाट लांबची. आंतडीं वाटेंत ल प्युई येथें पुरावीं लागलीं, मांस मोंफेराँ येथें. आणि अस्थि राजाज्ञेनें पॅरिसजवळ सँ-दनी येथें, राजघराण्याच्या थडग्यांशेजारीं गेल्या. उरलें तें हृदय. तेवढेंच दिनाँस पोंचलें. प्रथम तें डॉमिनिकन साधूंच्या मठांत होतें. राज्यक्रांतीनंतर १८१० सालीं सध्यांच्या जागीं आणलें. ज्या मैदानांत द्वंद्वयुद्ध झालें असें मानतात, तेथें १९०२ पासून त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. तो शिल्पकार फ्रेमिए याचा. ब्रिटनीच्या सर्वच अभिमान्यांना हा वीर प्रिय नाहीं. त्यानें परक्या राजाची चाकरी पत्करली असा कित्येकांचा रोष आहे, आणि रेनमधील त्याचा पुतळा १९४६ सालीं सुरुंगानें उडविला गेला. दिनाँनें मात्र आपला पुतळा आणि तें हृदय, दोन्ही सांभाळलीं आहेत.

या दोन निष्ठांमधली ओढाताण दिनाँच्या किल्ल्यावरही उमटली आहे. ब्रिटनीच्या गादीसाठीं १३४१ पासून १३६४ पर्यंत वारसायुद्ध चाललें. त्यांत दिनाँनें जो पक्ष घेतला तो हरला. जिंकलेल्या चौथ्या जाँनें १३८० नंतर येथें ३४ मीटर उंचीचा भक्कम बुरूज उठविला. त्याचा धाक बाहेरच्या शत्रूइतकाच गांवकऱ्यांनाही असावा, हें त्याच्याकडे पाहतांच ध्यानांत येतें. लोक त्याला डचेस आन हिचा किल्ला म्हणतात. वस्तुतः ती जन्मली १४७७ सालीं. दोन फ्रेंच राजांशीं एकामागून एक विवाह झालेली ही ब्रिटनीची राणी लोकांना इतकी प्रिय, कीं जुन्या वास्तु आपोआप तिच्या नांवावर चढतात. तिनें १५०७ सालीं दिलेली घंटा मात्र खरोखरच गांवच्या घड्याळाच्या मनोऱ्यांत आहे. १५८ पायऱ्या चढून गेलें कीं तेथून दोन हजार सातशें मीटर लांबीचा तट आणि त्याच्या आंतलीं काळीं छपरें एका दृष्टिक्षेपांत येतात. याहूनही जुनें दिनाँ पाहावयाचें असेल, तर नॉर्मंडींतील बायो गांवीं जतन केलेल्या सुप्रसिद्ध भरतकामाच्या पटावर पाहावें. त्यावर सुमारें १०६४ सालच्या स्वारीचा प्रसंग आहे: टेकाडावरील लांकडी गढीला आग लावलेली, आणि ड्यूक कोनान भाल्याच्या टोंकावरून किल्ल्या खालीं देत असलेला.

एवढा तट शत्रूंनीं पाडला नाहीं, आणि जुनीं घरें नव्या श्रीमंतीनेंही पाडलीं नाहींत. याचें कारण पुन्हा नदीकडेच न्यावें लागतें. १८४६ सालीं राँसच्या दरीवर एक प्रचंड दगडी पूल बांधावयास घेतला आणि १८५२ सालीं तो पुरा झाला. उंची ४० मीटर, लांबी २५० मीटर. त्यापूर्वीं पूर्वेकडून येणारी प्रत्येक गाडी खालीं बंदरावर उतरे, जुना पूल ओलांडी आणि ती चढण चढे. पूल होतांच गाड्या डोक्यावरून जाऊं लागल्या. १८७९ सालीं आगगाडी आली. मग गलबतांची गरजही ओसरत गेली. ज्या गल्लींत शेंकडों वर्षें धंद्याची गजबज होती, तिच्या दारांत गिऱ्हाईक येईनासें झालें. जेथें पैसा नाहीं तेथें जुनें घर पाडून नवें बांधण्याची ऐपतही नसते. जेर्झ्युआलचीं लांकडी घरें वांचलीं त्यांत या दारिद्र्याचा वांटा मोठा असावा. प्रवासी ज्या शोभेवर लुब्ध होतो ती अनेक कुटुंबांच्या उपजीविकेच्या मोबदल्यांत राहिलेली आहे. आज तेथें कुंभार, काच फुंकणारे, चित्रकार यांचे गाळे आहेत. ते विकतात तें प्रवाशांना. नदीवरून आतां कोणी येत नाहीं. बंदराशेजारचें एक घर चित्रकर्त्री इव्होन जाँ-आफन हिनें १९८७ सालीं आपल्या चित्रांसह गांवास दिलें. खालचें दिनाँ जुन्या दिवसांत कसें होतें याची कल्पना तिच्या चित्रांवरून चांगली येते.

नदीवर दुसरा घाला विसाव्या शतकांत आला. राँसच्या मुखाशीं ७५० मीटर लांबीचें धरण बांधून भरती-ओहोटीच्या जोरावर वीज काढण्याचें केंद्र १९६६ सालीं सुरू झालें. २४ यंत्रें, २४० मेगावॅट शक्ति; जगांतील या प्रकारचें हें पहिलें मोठें केंद्र. बांधकामासाठीं खाडी सुमारें तीन वर्षें समुद्रापासून तोडून ठेविली होती, आणि तेवढ्या अवधींत आंतील बहुतेक समुद्रजीव नाहींसे झाले. पुढें ते हळूहळू परतले. पण पाण्याची स्वाभाविक ये-जा बदलल्यामुळें खाडींत गाळ सांचतो. तो काढावा किती, टाकावा कोठें आणि खर्च कोणीं सोसावा, हा वाद मिटलेला नाहीं. धूर न सोडतां वीज मिळते हा लाभ खरा. आणि नदी उथळ होते ही हानिही खरी. तिच्या कांठीं राहणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं पाहाव्या लागतात.

गांवांत एक रात्र तरी मुक्काम करावा. जेवणांत काळ्या गव्हाच्या पिठाचें पातळ गालेत मिळतें. उत्तर हिंदुस्थानांत उपासाला खातात त्या कुट्टूचेंच हें पीठ, आणि तव्यावर पसरण्याची रीत आपल्या धिरड्यासारखी. येथील खेड्यांतली जुनी बोली ब्रेतॉन नव्हे. ती गालो, फ्रेंचच्या कुळांतली. ब्रेतॉनचा मुलूख याहून पश्चिमेस. विद्येचीही गांवाला परंपरा आहे. पुढें मोठा साहित्यिक म्हणून गाजलेला शातोब्रियाँ लहानपणीं येथील शाळेंत होता. आणि १९३४ सालीं कादंबरीसाठीं गोंकूर पारितोषिक मिळविणारा रोझे व्हर्सेल हा येथल्याच विद्यालयांतला शिक्षक. शाळामास्तर लिहूं शकतो, हें फ्रान्समध्यें तरी सिद्ध झालेलें आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नदीच्या कडेनें वरच्या अंगास लेओंपर्यंत चालत जावें. नावा ओढणारे घोडे ज्या वाटेनें जात तीच ही वाट. अंतर अर्ध्या तासाचें. लेओंला नवव्या शतकांत स्थापिलेला मठ आहे. तें स्वतंत्र गांव होतें. २०१८ सालीं दिनाँमध्यें सामील झालें. परततांना वाट त्या उंच पुलाच्या कमानींखालून जाते. तेथें उभें राहिलें म्हणजे माथ्यावर मोटारींचा आवाज ऐकूं येतो, आणि पुढें, वळणापलीकडे, धक्क्याशीं बांधलेल्या होड्या दिसतात.