दुरुस्तीच्या टेबलावरचा प्रोग्राम





आपली इंदूरची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नोकरीवर उभी राहिली. आधी होळकर दरबार, मग राज्य सरकार, आता आयटी कंपन्या. आम्हीही डिप्लोमा करून सरकारी नोकरीतच आलो. त्यामुळे प्रोग्रामिंग शिकलेला मुलगा "स्वतःची कंपनी काढतो" म्हणाला, की जेवणाच्या ताटावर शांतता पसरते. अशा घरांसाठी आज क्विक हीलची गोष्ट सांगावीशी वाटते.

कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले, पुढे दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. धाकटे बंधू संजय यांना त्यांनी कॉम्प्युटर शिकायला लावलं.

त्या काळी व्हायरस फ्लॉपीतून पसरत. फ्लॉपी आत राहिली आणि मशीन सुरू केलं, की व्हायरस हार्ड डिस्कवर जाऊन बसायचा. दुरुस्तीला आलेली अशी मशीनं साफ करण्यासाठी संजय यांनी छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यांतूनच १९९५ च्या सुमारास त्यांचा अँटीव्हायरस तयार झाला.

मंडळी, गिऱ्हाइकाची अडचण त्यांना पुस्तकात शोधावी लागली नाही, ती टेबलावर येऊन पडली होती. आणि एक भाऊ प्रोग्राम लिहीत होता, तेव्हा दुसऱ्याचं दुकान चालू होतं.

पुढची वाट लांबच होती. २००७ मध्ये कंपनीला क्विक हील टेक्नॉलॉजीज हे नाव मिळालं. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. म्हणजे पहिल्या अँटीव्हायरसपासून तब्बल २१ वर्षं! त्यातही पहिल्याच दिवशी शेअर ३२१ रुपयांच्या विक्रीभावाखाली बंद झाला. नोकरीत परीक्षा एकदा पास झालं की झालं. धंद्यात ती रोजची असते.

म्हणून आपल्या मुलामुलींना "पॅकेज किती?" हे विचारण्याआधी "तुझा प्रोग्राम कुणाची अडचण सोडवतो? तो माणूस पैसे देईल का?" हे विचारू या. उत्तर पटलं, तर किती वर्षं आणि किती रक्कम, हे घरात बसून कागदावर ठरवू या. राहतं घर आणि आईचे दागिने त्या कागदाबाहेर ठेवू या.

आम्हा नोकरदारांना कधीकधी वाटतं, आपण काही मोठं उभं केलं नाही. पण दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पगार हेच आपल्या घरातलं ते दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या आधारावर घरातल्या एकाने धाडस केलं, तर त्या धाडसात आपलाही वाटा असेल.

गणपती बाप्पा मोरया!